चौदातले चार

विक्रोळीला आमच्या दोन खोल्यांत प्रत्येकाची जागा ठरलेली होती. बाबांची खुर्ची खिडकीपाशी, आईचं शिवणाचं मशीन पलंगाच्या पायथ्याशी, माझी पुस्तकं पोटमाळ्यावर आणि आते दाराच्या डाव्या हाताला, पाण्याच्या पिंपाला टेकून. आते म्हणजे बाबांची सख्खी आत्या. नात्याने ती माझी आजी लागत होती, पण बाबा आते म्हणायचे म्हणून मीही आते म्हणायचो आणि चाळीतली बावीस बिऱ्हाडंही आतेच म्हणायची. आई औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायला जायची, त्यामुळे मला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन सोडलं ते आतेने. सकाळी साडेपाचला नळ यायचा आणि पावणेसातला जायचा. तेवढ्या वेळात ती दोन पिंपं आणि चार कळशा भरून घ्यायची. मग बाबांच्या कारखान्याचा पहिला भोंगा व्हायचा, वाऱ्याची दिशा तशी असेल तर खाडीचा चिखलाचा वास घरात यायचा आणि आते पिंपावरच्या खिळ्याला अडकवलेला हातभर आरसा काढून पायांत धरायची. कपाळाला आधी मेण, त्यावर पिंजर. बंद्या रुपयाएवढं गोल कुंकू. ते लावताना तिचा चेहरा नटणाऱ्या बाईसारखा नसायचा. एखादं काम अंगावर आहे आणि ते रोज करून टाकायचं आहे, असा असायचा.

तिचा नवरा पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेला होता आणि परत आला नव्हता. मेल्याची बातमीही आली नव्हती. लग्नात ती दहा वर्षांची होती आणि तो सतरा-अठराचा. पेन्शनीचा कागद आला नाही, तार आली नाही, म्हणून सासरच्यांनी ठरवलं की तो जिवंत आहे, तिकडेच कुणाशी तरी त्याने घर मांडलंय. बायकोचाच पायगुण. दोनेक वर्षांनी त्यांनी तिला माहेरी पोचवलं. तेव्हापासून ती आमच्या घरात होती, आधी आजोबांच्या आणि मग बाबांच्या. कुंकू होतं, नवरा नव्हता. चाळीत हळदीकुंकवाला तिला बोलावत, पण ओटी भरताना बायका जरा अडखळत. समोरची पाटीलकाकू तोंडाने फटकळ. ती दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "काय आते, तुमचे हे आता ऐंशी-नव्वदीला आले असतील नाही? मडमेला कंटाळून येतील हो एखाद दिवशी." आते सुपातलं तांदूळ पाखडणं न थांबवता म्हणायची, "इलो तर तुझ्याकडेच धाडतंय त्येका. तुझो घोव तसो पण काय कामाचो नाय." सगळ्या हसायच्या. आतेही हसायची. मी ते हसणं बावीस वर्षं ऐकलं आणि त्यात दुसरं काही असेल असं माझ्या मनात आलं नाही.

मी तेव्हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हजेरी कारकून होतो. पटावर तीनशे अठ्ठावन्न माणसं. पाळी सुरू झाल्यावर वीस मिनिटांत हजर, रजेवर आणि गैरहजर या तीन आकड्यांची बेरीज तीनशे अठ्ठावन्न यायला हवी. एक माणूस कमी पडला तर मला चहा गोड लागत नसे. हा स्वभाव आधीचा की नोकरीने लावलेला, ते मला सांगता येणार नाही. लढायांचा नाद मात्र आधीचा. कॉलेजात असताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मला मेसोपोटेमियाच्या मोहिमेचं एक फाटकं पुस्तक मिळालं. पुठ्ठा गेलेला, लेखकाचं नावही नाही, पण शेवटी घडीचे चार नकाशे होते. ते मी ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतले. कोणती पलटण कोणत्या तारखेला नदीच्या कोणत्या काठावर होती, किती निघाले, किती पोचले, याचे तक्ते केले. बाबा म्हणायचे, "दुसऱ्यांची पोरं बँकेच्या परीक्षा देतात आणि आमचा हा मेलेले गोरे मोजतो." मी म्हणायचो, "गोरे नाहीत बाबा, त्यातले निम्म्याहून जास्त आपले आहेत." त्यावर ते म्हणायचे, "मग तर आणखीनच अक्कल कमी."

एकदा नकाशा जमिनीवर पसरून बसलो होतो. आते पिंपापासून सरकत सरकत आली.

"ह्यात बसरा खय?"

मी दाखवलं. मग तिला कळावं म्हणून शाळेतला मोठा नकाशा काढून मुंबईही दाखवली. तिने वीत टाकली. एक वीत पुरी भरली नाही. पुन्हा टाकून पाहिली.

"एवढाच लांब?" ती म्हणाली. "मगे चलत येवक तेका काय झाला होता?"

मी हसलो. प्रमाण म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो, एक इंच म्हणजे इतके मैल वगैरे. ती उठून पेज ढवळायला निघून गेली. आज माझ्याकडे एकशे सोळा गावांच्या वह्या आहेत. शाळांतून, मंडळांतून मला बोलावतात, "आमच्या परिसरातले लष्करी इतिहासाचे अभ्यासक" म्हणून ओळख करून देतात आणि हा छंद कसा लागला असं विचारतात. मी त्या फाटक्या पुस्तकाची गोष्ट सांगतो. ती खोटी नाही. पण मी माणसं शोधायला लागलो ती त्या वितीनंतर. लढाई बाजूला राहिली. मला आतेचा नवरा शोधायचा होता. माझ्या अंगात तेव्हा तेवीस वर्षांची खुमखुमी होती आणि मला वाटत होतं, हे काम माझ्यासारख्याचंच आहे. घरातला एक माणूस साठ-पासष्ट वर्षं ना हजर ना गैरहजर, हे मला बघवत नव्हतं.

आधी मी विलायतेच्या लष्करी दप्तराला पत्र लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं की शिपायाचा पलटणीतला क्रमांक कळवल्याशिवाय काही सांगता येणार नाही. आतेला क्रमांक कुठून माहीत असणार? तिला त्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "माका इचारू नको, तुझ्या बापाशीक इचार." तिने ते नाव कधीच तोंडातून काढलं नव्हतं. गोविंद, घरचे गोंदू म्हणायचे, असं बाबांनी सांगितलं.

मे महिन्यात मी गावी गेलो आणि तिथून दोन कोसांवरच्या तिच्या सासरच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून माणसं राहतात. तिथल्या शाळेच्या भिंतीत एक दगडी फळी बसवलेली आहे. तशा फळ्या आमच्या भागात बऱ्याच गावांत आहेत; महायुद्ध संपल्यावर सरकारने बसवल्या. त्यावर नावं नसतात, आकडे असतात. या गावातून महायुद्धाला चौदा गेले, त्यातल्या चौघांनी प्राण दिले. एवढंच. मी खडूने अक्षरं भरून घेतली आणि वहीत उतरवली. फोटो काढायला कॅमेरा नव्हता.

मग मी गावच्या अप्पा गावकरांच्या पडवीत बसलो. अप्पांचे वडील त्या चौदांतले. अप्पांना सगळं पाठ. पानाला चुना लावत त्यांनी एकेक नाव सांगितलं, कुणाचा कोण, घर कुठलं, परत आला की नाही. मध्येच घरात हाक मारून ते म्हाताऱ्या बहिणीकडून खात्री करून घेत. सुनेने घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आणून ठेवलं. अकरा नावं झाली. सात परत आले. तिघे मेल्याचे कागद घरोघर आले होते, त्यांची वर्षश्राद्धंही झाली होती. अकरावा गोंदू.

"अजून?" मी विचारलं. "चौदा आहेत."

"आमच्यातले एवढेच," अप्पा म्हणाले. "दगडावर काय, साहेबान लिवला ता लिवला."

मी लिहून घेतलं. अकरा सापडले, तीन विस्मृत. आणि मग त्या पडवीतच मला ती वजाबाकी दिसली. दगड म्हणतो मेलेले चार. गावाला ठाऊक तीन. सात जण डोळ्यांसमोर परत आले. उरतो एकच. सरकारने चार हा आकडा कुठल्या तरी कागदावरूनच घेतला असणार. म्हणजे गोंदू मेल्याचा कागद सरकारदरबारी होता, घरी पोचायचा राहिला होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. हजेरीपटाची बेरीज जुळल्यावर व्हायचा तोच. चौदा जुळत नव्हते, हे वहीत माझ्याच अक्षरात होतं. पण मला चार जुळवायचे होते, ते जुळले होते.

विक्रोळीला आल्यावर मी आधी बाबांना सांगितलं. आई म्हणाली, "आता कशाला तिला सांगतोस? एवढी वर्षं गेली, अजून थोडी जातील." मी म्हटलं, "आई, तिला कळायला नको? लोक काय काय बोलतात. तो पळाला नव्हता, लढाईत गेला. दगडावर आहे तो." दगडावर तो नव्हता, आकडा होता; पण मी असंच म्हणालो. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी आतेपुढे वही घेऊन बसलो आणि तिला सगळं समजावलं. चौदा कोण, सात कोण, तीन कोण. ती बोटांवर मोजत ऐकत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, "खरा सांगतंस झिला?"

"हिशेबाने तसंच येतं, आते."

"हिशेब माका कळणा नाय. तुका खरा वाटता?"

"हो."

तिने पदराचं टोक पिंपातल्या पाण्यात बुडवलं आणि कपाळ पुसलं. मेण चिवट असतं. एका हाताने निघेना, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने डोकं धरून ठेवलं आणि घासलं. कुंकवाच्या जागी कातडी पांढरी होती, बाकी कपाळ उन्हाने रापलेलं. मग बांगड्या. पाटीलकाकू धावत आली, हात धरून म्हणाली, "अहो आते, या वयात हे कशाला?" आते म्हणाली, "माझा वय कित्याक बगतंस? तो केवढो होतो?" आणि मग ती रडली. अठरा-वीस वर्षांच्या पोरासाठी रडावं तशी, मोठ्याने, छाती पिटून. बाबांना मी पहिल्यांदाच गॅलरीत तोंड फिरवून उभे राहिलेले पाहिलं. मला वाटलं, माझी चूक झाली.

पण पुढचे तीन महिने पाहून मला तसं वाटेनासं झालं. आते बोलायला लागली. माझ्या उभ्या आयुष्यात तिने नवऱ्याबद्दल चार वाक्यं सांगितली नव्हती. आता तांदूळ निवडताना, मासे साफ करताना ती मध्येच सुरू करायची. तो फणसावर कसा चढायचा. जेवताना सोलकढी शेवटी वाटीने न पिता ताटातच ओतून घ्यायचा म्हणून सासू कशी ओरडायची. पलटणीतून तो एकदाच आठ दिवसांच्या रजेवर आला होता. पायांत बूट, आणि बुटांनी दोन्ही टाचा सोलून निघालेल्या. सासूने हिला सांगितलं, त्याच्या पायांना कोकमतेल लाव.

"मी लावलंय," आते म्हणाली. "बारा वर्साचा होतंय मी. तेणा पाय वडून घेतल्यान. लाजलो तो. मगे परत फुडे केल्यान. तेवढाच काय ता, झिला. तेवढोच तेका हात लावलंय."

आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. नंतर आई मला म्हणाली, "ती त्याच्यावर रागावली होती रे इतकी वर्षं. आता राग गेला." पाटीलकाकूचा विनोद बंद झाला. उलट तीच नव्या बिऱ्हाडकरूला सांगायची, "आतेंचे मिस्टर लढाईत गेले हां, साधं काम नाही." आतेच्या पाठीचा पोक तसाच होता, पण ती पिंपाला टेकून न बसता दारात बसायला लागली, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत. पितृपक्ष यायचा होता. तिने मला आधीच सांगून ठेवलं, "सर्वपित्रीक तेचा पान ठेवूया. तेका पोर नाय. तूच ठेव. तुझ्याच हातान." मृत्यूची तिथी माहीत नसली की अमावास्येला सगळ्यांबरोबर पान ठेवतात. ती कोणाकोणाला विचारून वड्यांचं पीठ, घाऱ्यांचा भोपळा ठरवत होती. पासष्ट-सहासष्ट वर्षांत त्याच्यासाठी तिने काही रांधलं नव्हतं.

गणपतीच्या आठवडाभर आधी कारखान्यात माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग होता. त्यात जाधवचा होता. जाधव फिटर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, कामात चोख, तोंडाला तिखट. मूळ गावाच्या रकान्यात त्याने आतेच्या सासरचं गाव लिहिलं होतं.

"काय जाधव, तूपण गणपतीला?"

"आम्हाला गणपती नाय, परब. आमचं घर गळतंय. कौलं बघायला जातोय."

"तुझं गाव हे? मी मे महिन्यात जाऊन आलो की. शाळेत तो दगड आहे ना, महायुद्धाचा…"

"आहे ना. आमचे तिघं गेलेले त्यात," तो म्हणाला. "दोन आले. माझ्या आज्याचा भाऊ नाय आला."

माझ्या हातातला अर्ज तसाच राहिला. अकरा आणि तीन चौदा. तीन आणि एक चार. हे मोजायला मला वेळ लागला नाही. मोजल्यावर पुन्हा मोजायलाच वेळ लागला.

"तू… मला अप्पा गावकरांनी सगळी नावं दिली. तुमची नाही दिली."

जाधव जरा हसला. "तुम्ही आमच्या वाडीत आलता काय?"

"नाही."

"मग?"

रविवारी तो मला घाटकोपरला त्याच्या घरी घेऊन गेला. खोली आमच्याएवढीच, आमच्याहून स्वच्छ. त्याची आई खाटेवर बसली होती. मी कोण, कुठल्या घरातला, हे तिने दोन प्रश्नांत काढून घेतलं आणि विचारलं, "चाय घेशीत ना आमच्याकडे? नाय म्हणजे, दूध आदीच फुकट कशाक घालवू." मी घेतो म्हटलं. जाधव म्हणाला, "आये, गप गं." तिने पत्र्याच्या पेटीतून फडक्यात गुंडाळलेली पितळी रंगाची जड गोल चकती काढली, बशीएवढी. मेलेल्या शिपायाच्या घरी तशी पाठवत. मी तोवर तिचं चित्रच पाहिलं होतं. इंग्रजी अक्षरांत नाव होतं, सोनू, पुढे बापाचं नाव. खाली पलटणीचा कागद, घडीवर फाटलेला. क्रमांकासकट. कुठल्याही दप्तराने मागितला असता असा पुरावा, आमच्या घरापासून बसने पंधरा मिनिटांवर. मी वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "आमका म्हायत आसा. तुमका आता कळला."

चौथा सोनू होता. गोंदूचं काहीच सिद्ध झालं नव्हतं. मी माझ्या वहीत 'तीन विस्मृत' लिहिलं होतं. त्या तिघांना कुणी विसरलं नव्हतं. मी ज्या पडवीत बसलो तिथून त्यांची वाडी दिसत होती. माडांच्या मागे, पायवाटेने दहा मिनिटं. मी घावणे खाल्ले आणि एसटी पकडली. आज मी कुठल्याही गावी गेलो की आधी त्या टोकाच्या वाडीत जातो, मग देवळाकडे येतो. लोकांना ती माझी पद्धत वाटते.

घरी बाबांना सांगितलं तर ते ताडकन म्हणाले, "गप बस. आता एक अक्षर बोललास तर बघ."

"पण बाबा, ते चूक आहे."

"असू दे चूक. तुझ्या आकड्यांपायी त्या बाईने एकदा बांगड्या फोडल्या. आता काय परत भरायला सांगतोस?"

आई म्हणाली, "ती बरी आहे रे आता. तुला दिसत नाही का?"

मला दिसत होतं. महिनाभर मी गप्प राहिलो. त्यात गणपती येऊन गेले. आते माझ्या ताटात जास्तीचा घावणा टाकायची आणि मला तो गिळवत नसे. तरी मी गप्प राहिलो असतो. पण अमावास्येच्या आदल्या दिवशी तिने भोपळा चिरायला घेतला, मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "उद्या न्हावन ये आणि तेचा नाव घेवन पान ठेव. माझ्या तोंडात नाव येना नाय. तू घे." ज्याच्या मरणाचा एकही पुरावा नाही त्याचं नाव मेलेल्यांत घ्यायचं, तेही माझ्या तोंडाने. मला ते जमेना. आज सांगायचं तर, तो प्रामाणिकपणा होता की बेरीज चुकल्याचं दुःख, याची मला खात्री नाही.

"आते," मी म्हटलं, "माझी चूक झाली." आणि सगळं सांगितलं. चकती, कागद, सोनू.

ती भोपळा चिरत राहिली. एक फोड, दोन फोडी. मग विळी आडवी केली.

"म्हंजे तो मेलो नाय?"

"मेला नाही असं नाही. माहीत नाही, एवढंच. मेलाही असेल."

"म्हणजे आदी होता तसाच."

"हो."

खाली पोरं फटाक्यांच्या जुन्या टिकल्या दगडाने फोडत होती, तेवढा आवाज येत होता. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मेलो होतो तेव्हा माझो होतो रे. आता तू तेका जितो केलंस आणि मी परत टाकलेली झालंय."

मी विळी भिंतीकडे सरकवली. तिने विचारलं, अगदी हळू, जणू तिला माझ्याकडून काही उसनं हवं होतं, "उद्या पान ठेवतलंस काय नाय, एवढा सांग."

मी म्हटलं, "ठेवू कसं, आते?"

ती मान हलवून उठली. चिरलेला भोपळा तिने आईला दिला, भाजीला. दुसऱ्या दिवशी आजोबा-आजीचं पान बाबांनी पत्र्यावर ठेवलं. गोंदूचं ठेवलं नाही. कावळे आले, गेले. आतेने जेवताना दोन घास खाल्ले. कुंकूही तिने परत लावलं नाही. आई एकदा करंडा घेऊन तिच्यापुढे बसली, तर म्हणाली, "नको गो. आता कोणाचा लावू?" ती परत पिंपाला टेकून बसायला लागली. त्याच्या गोष्टी बंद झाल्या. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आते, ते फणसाचं सांग ना." ती म्हणाली, "कोणाचा फणस?" राग नव्हता आवाजात. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी त्याला अजून शोधतो. छापील याद्यांत, बसऱ्याच्या स्मारकावरच्या नावांत, बोटीने परतलेल्यांच्या तक्त्यांत. त्याच्या नावाचे बारा सापडले, एकाचाही बाप जुळला नाही. माझ्या वहीत त्याच्यापुढचा रकाना मोकळा आहे आणि पुराव्याशिवाय मी तो भरणार नाही.

माघात आते गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सकाळी नळ जायच्या सुमाराला. बायकांनी तिला आंघोळ घातली. बाहेर गॅलरीत चाळीतले पुरुष उभे होते, बाबा बांबूवाल्याशी बोलत होते. पाटीलकाकू दारात आली, हिरवी साडी एका हातावर आणि पांढरी दुसऱ्या हातावर, आणि आत आईला विचारलं, "काय करायचं? कुंकू लावायचं ना? नवरा असताना गेली तर मळवट भरून पाठवायला पाहिजे. नसला तर नको." आईने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्याच बायकांनी पाहिलं. घरात याचं उत्तर देऊ शकेल असा माणूस मीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नको," मी म्हटलं. "तिचा नवरा लढाईत गेला."

"नक्की ना रे?" पाटीलकाकूने विचारलं.

"नक्की. गोविंद त्यांचं नाव. बसऱ्याला गेले."

तिने हिरवी साडी घडी करून बाजूला ठेवली. मी आत जाऊन आतेच्या पायाशी उभा राहिलो. हेच वाक्य तिने माझ्याकडे मागितलं होतं तेव्हा सर्वपित्रीला एक दिवस होता. मी ते बोललो तोवर पाच महिने होत आले होते.